कल्याण आधी की ठाणं?

तिकिटावर लिहिलं होतं, जळगाव ते मुंबई, एक तास दहा मिनिटं. मी मावशीला तोऱ्यात सांगितलं, "तासाभरात मुंबई!" ती अंगणात तुरकाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजत होती. वांगं उलटवत म्हणाली, "तासभरमा ते मनमाडबी येत नही."

रात्री मी हिशेब मांडला. रेल्वेने जळगाव ते मुंबई ४२० किलोमीटर, कारण रूळ मनमाड, नाशिक करत कसारा घाटातून उतरतात. त्या घाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे; मुंबईहून येणाऱ्या गाडीला तो चढायला जादा इंजिनं लावावी लागतात. विमानाला घाट नाही. सरळ रेषेत अंतर साडेतीनशेच्या आसपास. पंखेवालं छोटं विमान ताशी ५०० किलोमीटर धरलं, तर बेचाळीस मिनिटं पुरे. उरलेला वेळ जमिनीवर सरकण्यात, वर चढण्यात आणि मुंबईवर उतरायची पाळी येईपर्यंत घिरट्या घालण्यात जातो. हिशेब चोख होता. फक्त मी जळगावला राहत नाही, आणि मला मुंबईला जायचंही नव्हतं.

घर पाचोऱ्याचं, जायचं होतं कल्याणला, भावाकडे.

मुंबईची गाडी पाचोऱ्यावरूनच जाते. पण विमानतळ जळगावजवळ, म्हणजे मुंबईकडे पाठ करून आधी तासभर उलटं जायचं. २०१२ साली तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्याही आमच्याच जिल्ह्याच्या. पुढे २०१७ च्या डिसेंबरात 'उडान' योजनेतलं विमान आलं. तेव्हापासून आमच्याकडे कुणीही विमानाचं नाव काढलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "सध्या चालू आहे ना?"

चालू होतं. खिडकीही मिळाली. काळ्या रानात केळीचे मळे गडद हिरव्या ठिगळांसारखे दिसत होते. गिरणा नदी कुठे दिसते म्हणून मी काचेला नाक लावलं. एक पांढुरका, वाळूचा पट्टा दिसला, तीच असावी असं मी ठरवून टाकलं. तेवढ्यात ढग आले.

मांडीवर डबा होता. भरीत, कळण्याची भाकरी, वर ठेचा. रेल्वेत चाळीसगाव सुटलं की डबे उघडतात, समोरचा माणूस नाव विचारायच्या आधी शेंगदाण्याची चटणी पुढे करतो. इथे शेजारचे गृहस्थ डोळे मिटून बसलेले. लसणीच्या वासाने त्यांना जागं करायचा धीर मला झाला नाही. भूक नीट लागायच्या आत पट्टे बांधायची सूचना झाली.

मग बॅगेची वाट, टॅक्सीची वाट, आणि ठाण्याच्या अलीकडे गाड्यांची न हलणारी रांग. सकाळी घर सोडून सहा तास होत आले होते. त्याच वेळी पाचोऱ्याहून गाडीत बसलो असतो, तर एव्हाना भावाकडे चहा झाला असता. मावशीचा फोन आला.

"कोठे पोचना?"

"ठाण्याजवळ आहे."

थोडा वेळ काही आवाज नाही.

"कल्यान ते ठानाना पहिले येस ना रे?"

मी विमानतळ, समुद्र, टॅक्सी असं काहीबाही समजावू लागलो. तिने ते सगळं ऐकून घेतलं.

"बरं. डबा खादा का?"