दोघंही शून्य नाहीत, तरी गुणाकार शून्य

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, कारण बीजगणित शिकवणाऱ्याला हा प्रश्न काही चुकत नाही. दोन घटक, एकही शून्य नाही, तरी गुणाकार शून्य कसा येतो? त्यामागोमाग जरा नाराजीनं येणारा दुसरा प्रश्न: असली रिंग (म्हणजे बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करता येतील अशी घटकांची रचना) मुळात चालवून का घेता?

नाराजी मला पटते. (क्ष − २)(क्ष − ३) = ० दिसलं की आपण बेधडक लिहितो, क्ष = २ किंवा क्ष = ३. हा ‘किंवा’ फुकटात मिळालेला नाही. फक्त सहानं भागल्यावर उरणाऱ्या बाक्या घ्या, ० ते ५. तिथे २ × ३ म्हणजे ६, म्हणजे शून्य. आता त्याच समीकरणात ५ घाला: ३ × २, पुन्हा शून्य. ० घातलं तरी तेच. वर्गसमीकरण आणि मुळं चार! काटाकाटीही गेली. २ × १ आणि २ × ४ दोन्ही २ च येतात, म्हणून १ आणि ४ सारखे होत नाहीत. २, ३ आणि ४ हे इथले शून्यभाजक, म्हणजे स्वतः शून्य नसून दुसऱ्या शून्येतर घटकाशी गुणल्यावर शून्य देणारे.

एवढं बिघडत असेल तर हा दोषच म्हणायचा ना? मी नाही म्हणणार. एक फलन असं घ्या, जे रेषेच्या डाव्या अर्ध्या भागावर शून्य आहे आणि उजवीकडे नाही. दुसरं नेमकं उलट. गुणाकार सगळीकडे शून्य, कारण एक जिथे जिवंत आहे तिथे दुसरं मेलेलं आहे. मला विचाराल तर अर्धं रहस्य इथेच संपतं.

पण संख्यांना कुठली आली डावी-उजवी बाजू? असते. संख्येचे शेवटचे दोनच अंक ठेवायचे, बाकी फेकून द्यायचे. २५ × २५ = ६२५, राहिले २५. ७६ × ७६ = ५७७६, राहिले ७६. दोघांचा गुणाकार १९००, म्हणजे ००. आणि बेरीज १०१, म्हणजे ०१! कारण साधं आहे: २५ ला ४ नं भागलं तर बाकी १ आणि २५ नं भागलं तर ०, ७६ चं बरोब्बर उलट. म्हणजे शंभराच्या या रिंगमध्ये दोन रिंग शेजारी-शेजारी नांदतात, आणि २५ व ७६ हे त्यांचे आपापले ‘एक’. तीन अंक ठेवले तर ६२५ आणि ३७६, चार ठेवले तर ०६२५ आणि ९३७६. ही जोडी डावीकडे अनंतापर्यंत वाढवत नेता येते.

गणितज्ञ अब्राहम फ्रँकेल यांनी १९१४ मध्ये रिंगची अमूर्त व्याख्या मांडली, त्या प्रबंधाचं नावच ‘शून्याचे भाजक आणि रिंगांचं विघटन’ अशा अर्थाचं होतं. दोन्ही गोष्टी एका दमात.

मात्र प्रत्येक शून्यभाजकामागे अशी फाळणी नसते. चारच्या बाक्यांत २ × २ = ०; तिथे दुसरा कुणी नाहीच, २ स्वतःलाच संपवतो. ही रिंग दोन तुकड्यांत फुटत नाही. ही जात वेगळी, आणि खरं तर जास्त चिवट.

‘पण ओळखायचे कसे?’ असंही काही जण विचारतात. बाक्यांत सोपं आहे: ज्या शून्येतर बाकीचा मूळ संख्येशी १ हून मोठा सामाईक विभाजक आहे, ती शून्यभाजक. ग्रुप रिंगमध्ये मात्र गाडी अडते. ग्रुप म्हणजे जिथे घटकांचा गुणाकार होतो आणि प्रत्येकाला व्यस्त असतो अशी रचना; तिच्या घटकांना गुणक लावून केलेल्या बेरजांची रिंग ती ग्रुप रिंग. ग या घटकाचा वर्ग १ असेल, पण ग स्वतः १ नसेल, तर (१ − ग)(१ + ग) = ०, काम झालं. पण ग्रुपमध्ये १ सोडून एकाही घटकाचा कुठलाच घात १ वर परत येत नसेल तर? गुणक फील्डमधले (म्हणजे जिथे शून्य सोडून कशानंही भागता येतं अशा रिंगमधले) असले तर शून्यभाजक असूच शकत नाहीत, असा गणितज्ञ इर्विंग कप्लान्स्की यांच्या नावानं ओळखला जाणारा अंदाज आहे. त्याच्या जोडीचा, व्यस्त असणाऱ्या घटकांबद्दलचा अंदाज जाइल्स गार्डम यांनी २०२१ मध्ये खोटा ठरवला. शून्यभाजकांचा अजून ना सिद्ध झाला, ना मोडला.