फ्रॉस्टप्रूफची वाळू: प्रॅक्टिकल शूटिंगच्या एका सामन्याचा वृत्तांत

फ्लोरिडात पिस्तुलाच्या सामन्याला चाललो आहे असे कोल्हापूरच्या मामांना फोनवर सांगितले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "अरे, अंतर किती? दहा मीटर का पंचवीस?" ज्या जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे दिले, तिथल्या माणसाने हेच विचारणे स्वाभाविक होते. अंतर ठरलेले नसते, दोन मीटरवरही लक्ष्य असते आणि तीस मीटरवरही, शिवाय मधल्या वेळात पळायचे असते, असे मी म्हटल्यावर ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पळताना नेम लागतोय व्हय?" प्रश्न रास्त होता. तीन दिवसांनी परतताना माझ्याकडे त्याचे जे उत्तर होते, त्यात नेमापेक्षा वाळूचा संबंध अधिक होता.

हा खेळ ऑलिंपिकमधल्या नेमबाजीहून वेगळा आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातील कोलंबिया येथे भरलेल्या परिषदेत त्याची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन), स्थापन झाली आणि १९८४ पासून अमेरिकेतला कारभार यूएसपीएसए (युनायटेड स्टेट्स प्रॅक्टिकल शूटिंग असोसिएशन) ही संस्था पाहते. प्रत्येक फेरीला 'स्टेज' म्हणतात. स्टेजमध्ये लाकडी चौकटी, जाळीच्या भिंती, खिडक्या आणि दारे उभारलेली असतात. कागदी लक्ष्यावर बहुधा प्रत्येकी दोन गोळ्या आणि लोखंडी लक्ष्य पडेपर्यंत, असा हिशेब असतो. कोणत्या क्रमाने आणि कुठे उभे राहून गोळ्या झाडायच्या, हे बहुतेक स्टेजमध्ये स्पर्धकाने स्वतःच ठरवायचे असते. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले की 'हिट फॅक्टर' येतो, आणि सारी क्रमवारी त्याच आकड्यावर लागते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मित्रांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण मला सर्वाधिक विचारणा तिच्याविषयीच होते. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत, परंतु ऐकीव माहितीवर त्यांचा आधार घेऊ नये. आपली कागदपत्रे दाखवून वकिलाचा सल्ला घ्यावा. ग्रीन कार्ड मिळाल्यावर हा अडथळा दूर होतो, मग राज्याचे नियम उरतात. मी स्वतः आठ वर्षे केवळ प्रेक्षक म्हणून सामन्यांना जात होतो आणि लक्ष्यांवरची गोळ्यांची छिद्रे बुजवायला चिकटपट्ट्या लावत होतो. त्या वर्षांत नियम जेवढे पाठ झाले, तेवढे पुस्तक वाचून झाले नसते.

आमच्या न्यू जर्सीत मॅगझिनमध्ये दहापेक्षा अधिक काडतुसे मावता कामा नयेत असा कायदा आहे. त्यामुळे वीस-बावीस काडतुसांची मॅगझिन चालणाऱ्या विभागांत (पिस्तुलाच्या प्रकारानुसार केलेल्या स्पर्धकांच्या गटांत) उतरणे मला परवडणारे नव्हते. समोरचा एकदा मॅगझिन बदलतो तेव्हा मी तीनदा बदलत असतो. म्हणून मी सिंगल स्टॅक हा विभाग निवडला. त्यात '१९११' या जुन्या अमेरिकी नमुन्याचेच पिस्तूल चालते आणि 'मायनर', म्हणजे कमी ताकदीच्या, गोळ्या वापरणाऱ्या सर्वांनाच दहाची मर्यादा असते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी आपल्या राज्याचा कायदा पाहावा, मग विभाग ठरवावा आणि शेवटी पिस्तूल घ्यावे. बहुतेक जण नेमके उलट्या क्रमाने जातात आणि वर्षभरात दुसरे पिस्तूल घेतात. माझेही तेच झाले.

सामना फेब्रुवारीत, फ्रॉस्टप्रूफ गावाजवळच्या युनिव्हर्सल शूटिंग अकॅडमीच्या मैदानावर होता. २०१४ ची जागतिक स्पर्धा याच मैदानावर झाली होती. नेवार्कहून ऑर्लँडोपर्यंत विमान आणि पुढे भाड्याच्या मोटारीने सुमारे दीड तासाचा रस्ता, असा बेत होता.

विमानातून पिस्तूल नेण्याची पद्धत ऐकायला वाटते तेवढी भयंकर नाही, मात्र ती अक्षरशः पाळावी लागते. पिस्तूल रिकामे आणि कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत असावे, ते फक्त चेक-इन सामानातून जाते, आणि काउंटरवर "माझ्याकडे घोषित करायचे शस्त्र आहे" असे शांतपणे सांगावे. हे वाक्य म्हणताना आवाज खाली ठेवावा; मागच्या रांगेतल्या लोकांना ते कळण्याचे कारण नाही. मग एका चिठ्ठीवर सही करून ती पेटीत ठेवली जाते. काडतुसे मूळ खोक्यात किंवा काडतुसांसाठीच बनवलेल्या डबीत असावीत, सुटी कधीच नसावीत. विमान कंपन्या साधारणपणे ५ किलोपर्यंत काडतुसे नेऊ देतात. माझ्या १४७ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळीचे एक काडतूस सुमारे १४ ग्रॅम भरते, म्हणजे त्या मर्यादेत साडेतीनशेच्या आसपास बसतात. बारा स्टेजच्या सामन्याला तेवढी पुरतात, पण फार उरत नाहीत. घरच्या काट्यावर वजन करूनच निघावे.

विमान शक्यतो थेट घ्यावे. २००५ साली युटाहून पेन्सिल्व्हेनियाला निघालेला एक प्रवासी नेवार्कला पुढचे विमान चुकल्याने अडकला, सामान ताब्यात घेऊन हॉटेलात राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर पिस्तूल घोषित करताच त्याला अटक झाली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना वाटेत संरक्षण देणारा केंद्रीय कायदा आहे. पण पिस्तूल त्या रात्री त्याच्या हाताशी होते, म्हणून ते संरक्षण त्याला लागू होत नाही, असे अपील न्यायालयाने २०१० साली ठरवले. तेव्हा अनोळखी राज्यात विमान रद्द झाले, तर शस्त्राची पेटी आपल्या हातात घेऊ नये. ती कंपनीच्याच ताब्यात राहू द्यावी आणि फोनवरून पुढची चौकशी करावी.

ऑर्लँडोला उतरल्यावर माझी पेटी पट्ट्यावर आलीच नाही. अर्धा तास घामाघूम होऊन उभा राहिल्यावर कळले की अशी सामाने पट्ट्यावर न सोडता बाजूच्या कार्यालयातून ओळखपत्र पाहून देतात. आधी तिकडेच जावे.

फ्रॉस्टप्रूफ या नावामागे एक गंमत आहे. इथे कधी हिमकडाका पडत नाही असे संत्र्यांच्या बागा घेणाऱ्यांना पटवण्यासाठी ते नाव ठेवले गेले, आणि पुढे १८९५ च्या थंडीत तिथल्या बागा गारठून गेल्या. मी गेलो त्या सकाळीही दाट धुके होते आणि हात इतके गार पडले होते की पहिल्या स्टेजआधी मी ते मोटारीच्या हीटरसमोर धरून बसलो. दहा वाजेपर्यंत मात्र ऊन चटके देऊ लागले. अंगात काढता येतील असे दोन-तीन थर, टोपी, सनस्क्रीन आणि भरपूर पाणी, एवढे हवेच. राहण्याची सोय गावात मर्यादित आहे. बरेच जण महामार्ग २७ वरच्या सेब्रिंग किंवा लेक वेल्स या गावांत उतरतात.

आता वाळूविषयी. तो सगळा पट्टाच वाळूच्या टेकड्यांचा आहे. पायाखालची पांढरी, बारीक वाळू आपल्या गुहागरच्या किनाऱ्याची आठवण करून देते. स्टेज चालू असताना रिकामे किंवा अर्धे मॅगझिन जमिनीवर टाकून दुसरे चढवायचे असते, आणि ते पडते थेट त्या वाळूत. घरच्या मैदानावर बारीक खडी असल्याने मला मॅगझिन उचलून पँटवर दोनदा आपटण्याची सवय होती. चौथ्या स्टेजनंतर मी तेच केले आणि पाचव्या स्टेजला तेच मॅगझिन कमरेच्या पट्ट्यावर तिसऱ्या जागी लावले.

पाचव्या स्टेजला बारा कागदी लक्ष्ये होती, म्हणजे चोवीस गोळ्या आणि जास्तीत जास्त १२० गुण. डावीकडच्या खिडकीतून सुरुवात केली, मधली अरुंद वाट पार केली आणि तिसरे मॅगझिन चढवून उजवीकडच्या कोपऱ्याशी पोहोचलो. पहिली गोळी गेली. दुसऱ्या वेळी चाप मऊ लागला, आवाज नाही. पाहतो तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, अर्धवट पुढे येऊन थांबलेली आणि काडतुसाचे तोंड खाली वाकून नळीच्या उतारावर अडकलेले. सवयीने मॅगझिनला खालून थाप मारली आणि स्लाइड ओढली, पुन्हा तेच. आत काडतुसे वर ढकलणारी पट्टी वाळूने जाम झाली होती. शेवटी मॅगझिन उपसून फेकले, नवे लावले आणि उरलेली लक्ष्ये पूर्ण केली. टायमरवर २६ सेकंद. चित्रफितीत मोजले तेव्हा या गोंधळात बरोबर चार सेकंद गेलेले दिसले.

त्या रात्री हॉटेलात कागद-पेन घेऊन बसलो. लक्ष्याच्या मधल्या भागाला 'ए' आणि बाहेरच्या भागांना 'सी' व 'डी' म्हणतात. सतरा 'ए', सहा 'सी' आणि एक 'डी' असे माझे ठसे होते. मायनरमध्ये 'ए'ला ५, 'सी'ला ३ आणि 'डी'ला १ गुण मिळतो, म्हणजे एकूण १०४. भागिले २६, हिट फॅक्टर ४.००. पिस्तूल अडकले नसते तर १०४ भागिले २२, म्हणजे ४.७३ आला असता. आणि त्याच २६ सेकंदांत चोवीसच्या चोवीस गोळ्या मधोमध लागल्या असत्या, तर १२० भागिले २६, म्हणजे ४.६२. वर्षभर मी ज्या अचूकतेसाठी दर शनिवारी घाम गाळला, ती सगळी त्या दिवशी साध्य झाली असती, तरी तिचे मोल दहा डॉलरांच्या ब्रशपेक्षा कमी ठरले असते. पथकातल्या एका वयस्कर गृहस्थांच्या कमरेला असा ब्रश लटकलेलाच होता. प्रत्येक स्टेजनंतर ते खाली बसून मॅगझिनचा तळ उघडत, स्प्रिंग बाहेर काढत, ब्रश आरपार फिरवत आणि पुन्हा जोडत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो न मागता माझ्या हातात ठेवला.

याच हिशेबातून वेगाचाही अंदाज येतो. हिट फॅक्टर ४ च्या आसपास असलेल्या अवघड स्टेजला एक 'डी' म्हणजे चार गुणांचे, पर्यायाने एका सेकंदाचे नुकसान. तिथे नीट नेम धरण्यासाठी अर्धा सेकंद अधिक घेणे शहाणपणाचे असते. हिट फॅक्टर ८ च्या जवळ जाणाऱ्या छोट्या, जवळच्या लक्ष्यांच्या स्टेजला एक 'सी' केवळ पाव सेकंदाइतका असतो. तिथे रेंगाळू नये. गोळी लक्ष्यावर लागलीच नाही तर मात्र दोन्हीकडे पस्तावण्याची वेळ येते, कारण त्या गोळीचे गुण जातातच आणि वर दहा गुण वजा होतात. मामांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर, पळताना नेम लागतो, पण किती लागला म्हणजे पुरे, हे प्रत्येक स्टेजला नव्याने ठरवावे लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रोनोग्राफची पाळी होती. प्रत्येकाच्या काडतुसांचा नमुना घेऊन गोळीचे वजन आणि वेग मोजतात. ग्रेनमधले वजन गुणिले सेकंदाला फुटांमधला वेग भागिले हजार, हा 'पॉवर फॅक्टर' मायनरसाठी किमान १२५ लागतो. माझी काडतुसे मी स्वतः भरतो. घरी १४७ ग्रेन आणि ८६८ फूट असा हिशेब लागला होता, म्हणजे १२७.६. तिथे गोळी भरली १४६.५ आणि सरासरी वेग आला ८५८, गुणाकार १२५.७. अधिकारी हसून म्हणाले, "जमले." १२५ च्या खाली गेलो असतो तर सामना खेळता आला असता, पण एकही गुण मिळाला नसता. कमी झटक्याच्या मोहापायी काठावर राहू नये. आता मी ८९० फुटांवर, म्हणजे १३० च्या थोडे वर थांबतो. यंत्रायंत्रांत फरक असतो आणि घरचे यंत्र नेहमी आपल्याला गोड बोलते.

त्याच दिवशी आमच्या पथकातला एक तरुण बाद झाला. उजव्या हाताने पिस्तूल धरणारा माणूस डावीकडे पळत मॅगझिन बदलू लागला की नळी सहज मागच्या बाजूला वळते, आणि १८० अंशांची रेषा (स्पर्धकाच्या दोन्ही बाजूंना आडवी जाणारी काल्पनिक हद्द) ओलांडली की अधिकारी "स्टॉप" म्हणतो. तिथे वाद चालत नाही. सामना तिथेच संपतो, भरलेले शुल्क परत मिळत नाही. डावीकडे जाताना पाय डावीकडे पळाले तरी छाती आणि नळी समोरच्या मातीच्या बंधाऱ्याकडेच राहिली पाहिजे, आणि याचा सराव घरी रिकाम्या पिस्तुलाने, त्या खोलीत एकही काडतूस नसताना, करावा. तसेच मैदानावर पिस्तुलाला हात लावायचा तो फक्त अधिकाऱ्याच्या आज्ञेवर किंवा सेफ्टी एरियात, म्हणजे रिकामे पिस्तूल हाताळण्यासाठी राखलेल्या जागेत, आणि सेफ्टी एरियात काडतुसांना स्पर्शही करायचा नाही. तो तरुण दुपारपर्यंत थांबून आमच्यासाठी लक्ष्यांवर पट्ट्या चिकटवत राहिला. मला ते आवडले.

बाकी सामानात इलेक्ट्रॉनिक इअरमफ घ्यावा, म्हणजे आज्ञा ऐकू येतात आणि धमाका दबतो. चष्म्याची एक जास्तीची जोडी ठेवावी. बुटांना खोल खाचांचे तळवे हवेत. कमरेच्या पट्ट्यावर पाच मॅगझिन आणि पिशवीत आणखी तीन असावीत.

घरी परतल्यावर गॅरेजच्या फरशीवर पिशवी उलटी केली तेव्हा मूठभर पांढरी वाळू पडली, आणि अस्तराच्या शिवणीत हात घालून पाहिले तर तिथे एक जिवंत काडतूस सापडले. ही पिशवी मी पूर्वी मुंबईच्या प्रवासालाही वापरत असे. भारतात ९ मिमीचे एक विसरलेले काडतूस विमानतळावर सामानात सापडले, तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, आणि "माझ्या लक्षात नव्हते" हे सांगत रात्र पोलीस ठाण्यात काढावी लागते. तेव्हापासून त्या पिशवीच्या कडीला हिने लाल नाडा बांधून ठेवला आहे. ती गॅरेजमधून हलत नाही, आणि मुंबईच्या बॅगा वरच्या मजल्यावर असतात.