तेरा हजार सहाशे दहा

२९ सप्टेंबर २०२३, शुक्रवार. आदल्या दिवशी गणपती गेले होते, त्या दिवशी ईदची सुट्टी होती, नागपुरातल्या महाल भागातल्या गल्ल्यांत गुलाल तसाच पडून होता आणि आमचं ऑफिस सकाळी आठलाच उघडलं होतं. टॅक्स ऑडिटची शेवटची तारीख ३०. सीए माणसाला सप्टेंबरात सणवार नसतात, हे आमच्या घरच्यांनी केव्हाच मान्य केलंय.

त्यात त्या वर्षी पुराची भर. २३ तारखेला पहाटे काही तासांत शंभराहून जास्त मिलिमीटर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदी रस्त्यावर आली. सीताबर्डीतल्या आमच्या एका हार्डवेअरवाल्या क्लायंटच्या तळघरात कमरेएवढं पाणी शिरलं. मागच्या वर्षीची सगळी बिलं तिथेच. त्यानं ती गोणीत भरून आणली. मग चादरी अंथरून, पंखे लावून आम्ही बिलं वाळवली, उन्हाळ्यात पापड घालतात तशी. वाळली, पण शाई पसरली होती. बऱ्याच बिलांवर तारीख दिसे तर रक्कम दिसेना.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप मात्र शाबूत होता. म्हणून मोठ्या सप्लायरांकडून खातेउतारे मागवले आणि आपल्या वह्यांशी ताडून पाहायला घेतले. बाकी सगळे जुळले. एक अडला. त्या सप्लायरच्या, म्हणजे पार्टीच्या, उताऱ्यात आमच्यापेक्षा १३,६१० रुपये जास्त.

आता थोडं आमच्या धंद्यातलं. फरक आला की आधी त्या रकमेची नोंद शोधायची. नसेल तर निम्मी करून बघायची, नावेची रक्कम जमेला पडली असेल तर सापडते. तेही नसेल तर नऊने भागायचं. कारण दोन आकड्यांची अदलाबदल झाली असेल, म्हणजे ५४ चे ४५ झाले असतील, तर फरकाला नऊने निःशेष भाग जातोच. १३,६१० च्या अंकांची बेरीज अकरा. भाग जात नाही. म्हणजे अदलाबदल नाही, असं मी सकाळीच ठरवून टाकलं आणि सगळ्यांना तसं सांगितलं. आमचे जुने अकाउंटंट काका आणि मी, दोघांनी दोनदा टिका मारल्या. शेवटच्या ओळीपर्यंत टिक आणि फरक जागेवर.

तिसऱ्यांदा तो उतारा मी आर्टिकलकडे, म्हणजे सीए होण्यासाठी आमच्याकडे उमेदवारी करणाऱ्या मुलाकडे, दिला, तो केवळ बाकी कुणाचे हात मोकळे नव्हते म्हणून.

या पोट्ट्याबद्दल सांगायला हवं. सहा महिने झाले होते त्याला येऊन. हुशार, पण बूड टेकत नसे. टेबलाखाली पाय असा हलवायचा की समोर माझ्या मॉनिटरवरचे आकडे थरथरायचे. चाकाच्या खुर्चीवर मागेपुढे, पेनाची टिकटिक, दर दहा मिनिटांनी पाणी प्यायला. जूनमध्ये मी त्याची चाकाची खुर्ची काढून लाकडी दिली आणि सांगितलं, चहाशिवाय उठायचं नाही. तो उठायचा थांबला. त्याच्या चुका मात्र वाढल्या. एकच ओळ दोनदा, मधली गाळलेली. मी सरळ निष्कर्ष काढला की मुलाचं लक्ष नाही. एवढी वर्षं लोकांच्या वह्यांत कारण आणि परिणाम शोधतेय, पण खुर्ची बदलली आणि चुका वाढल्या, या दोन नोंदी मला शेजारी मांडून बघता आल्या नाहीत.

चारच्या सुमारास लाईट गेली. आमचा इन्व्हर्टर सर्व्हर आणि दोन मशीन सांभाळतो, बस. पोट्टा उताऱ्याचा प्रिंट घेऊन उजेडासाठी गॅलरीत गेला. जुन्या वाड्याची ती लाकडी गॅलरी, सोळा-सतरा पावलांची. मी क्लायंटशी फोनवर होते, नाहीतर पहिल्या फेरीलाच हाक मारून बसवलं असतं. फळ्या करकरत होत्या. एका हातात कागद, दुसऱ्या हाताची बोटं कठड्याच्या गजांवरून फिरत चाललेली, आणि तोंडानं मोठ्यानं आकडे. काका वैतागून म्हणाले, "काहून फिरून राहिला बे? बस ना एका जागी!" तो ऐकतच नव्हता. मुद्दाम नव्हे, त्याला खरंच ऐकू गेलं नसावं.

पंधरा-वीस मिनिटांनी तो दारात आला.

"मॅडम, बारा हजार नऊशे ऐंशी दोनदा आहे."

"असेल की. रिपीट ऑर्डर."

"पार्टीकडं दोनदा आहे जी. आपल्याकडं एकदाच. पहिल्यांदा आला तवा मी त्या कोपऱ्यातल्या खांबापाशी होतो, दुसऱ्यांदा जिन्यापाशी. म्हणून ध्यानात राहिलं."

अकरा हजाराचा माल, अठरा टक्के जीएसटी, १२,९८०. एकाच महिन्यात तेवढ्याच रकमेची दोन बिलं. आमच्या वहीत त्यातलं एकच चढलेलं, आणि आम्ही दोघांनी त्या एका नोंदीसमोर पार्टीच्या दोन्ही ओळींना टिक मारलेली. तीही दोनदा.

मी १३,६१० मधून १२,९८० वजा केले. उरले ६३०. सहा अधिक तीन, नऊ.

चूक एक नव्हतीच. दोन होत्या, आणि एकीनं दुसरीला झाकलं होतं. ६३० भागिले ९० म्हणजे सात. शतक आणि दशक स्थानाची अदलाबदल, दोन अंकांत फरक साताचा. म्हणजे ८१ चे १८, ९२ चे २९ किंवा ७० चे ०७, एवढेच शोधायचे. तो परत गॅलरीत गेला. यावेळी काका काही बोलले नाहीत. दहा मिनिटांत सापडलं: पार्टीकडे ६४,८१९, आमच्याकडे ६४,१८९.

खालून आलूबोंडे मागवले, तर्री जास्त घालून. खाताना, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला, "मॅडम, मला एडीएचडी आहे. लक्ष टिकत नाही, अंग सारखं हलते. गोळी घेतो. पण सकाळची गोळी दुपारनंतर उतरते, मग बसलो का डोकं बंद पडते. चाललो का चालू होते."

"मग आल्या दिवशी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर घेतलं असतं का?"

मी उत्तर दिलं नाही. खरं उत्तर मला माहीत होतं आणि ते चांगलं नव्हतं.

निदान त्याचं एकोणिसाव्या वर्षी झालं. डॉक्टरांनी आईला शाळेतल्या वागण्याबद्दल बारकाईनं विचारलं, कारण मोठ्या माणसात निदान करतानाही लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून होती का, हे बघावं लागतं. आई म्हणाली, पायाला भिंगरी होती, वर्गाबाहेरच जास्त असायचा.

ऑडिट अपलोड झाल्यावर मी पुढच्या आठवड्यात वाचायला बसले. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाचं २०१५ चं संशोधन आहे, ८ ते १२ वर्षांच्या ५२ मुलग्यांवर. पडद्यावर विस्कटलेले आकडे आणि एक अक्षर, ते मनातल्या मनात क्रमानं लावून सांगायचे. म्हणजे आमचंच काम. एडीएचडी असलेली मुलं जेवढी जास्त हलली तेवढी त्यांची उत्तरं बरोबर आली. एडीएचडी नसलेली मुलं जास्त हलली तेव्हा त्यांचं बिघडलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात मुलांच्या घोट्याला हालचाल मोजणारं यंत्र बांधून पाहिलं, तिथेही एडीएचडी असलेल्या मुलांची बरोबर उत्तरं जोराच्या हालचालीबरोबर आली. असं का होतं याचं एक स्पष्टीकरण असं देतात की या मेंदूत लक्ष जागं ठेवणारी डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन या रसायनांची व्यवस्था थोडी मंद चालते, आणि हालचाल तिला ढोसत राहते. सगळ्यांनाच चालल्यानं फरक पडतो असं मात्र नाही, आणि गोळी सोडून चालत सुटावं असंही नाही. त्याची गोळी चालूच आहे.

माझ्यापुरतं मी करून पाहिलं. खातेउतारा घेऊन गॅलरीत निघाले, चौथ्या ओळीला कुठे होते तेच विसरले आणि कठड्यावर कोपर आपटलं. काका हसले. मी आपली खुर्चीतलीच.

चाकाची खुर्ची त्याला परत दिली. क्लायंट आले की गॅलरीतल्या फेऱ्या बंद, हे त्यानंच ठरवलं. काकांची कुरकुर अजून आहे, आणि ती अगदी खोटी नाही. त्या आवाजात त्यांची बेरीज चुकते. दिवाळीनंतर सुताराला बोलावून जिन्यापाशीच्या सगळ्यात करकरणाऱ्या दोन फळ्या बदलून घेतल्या. व्हाउचर घेऊन तोच आला.

"मॅडम, हे कोणत्या खात्यात टाकू? बिल्डिंग रिपेअर का ऑफिस एक्स्पेन्स?"

"स्टाफ वेल्फेअर," काका तिकडून म्हणाले.