साउंडवाल्याच्या पुढची रांग

नाटकाच्या तिकीटखिडकीवर प्लॅन समोर आला की माणसाचं बोट आधी पहिल्या तीन रांगांवर जातं. त्या गेलेल्या असल्या की चेहरा पडतो. रॉक कॉन्सर्टला जाणारी पोरं दुपारपासून उन्हात तिष्ठत उभी राहून कठड्याला चिकटायची जागा मिळवतात. समजूत दोघांचीही एकच: जितकं जवळ तितकं भारी. डोळ्यांपुरतं ते खरं आहे. गायकाच्या कपाळावरचा घाम बघायचा असेल तर पुढेच बसावं. पण कानांचा हिशेब वेगळा असतो, आणि गाणं ऐकायला निघालो असू तर त्यांचा विचार आधी व्हायला हवा.

प्रेक्षागृहात किंवा मैदानात शिरलं की मंचाकडे बघण्याआधी मागे वळून बघावं. कुठेतरी मधोमध, सहसा प्रेक्षकांच्या मागच्या निम्म्यात, दिव्यांनी लुकलुकणारं मिक्सरचं एक भलंमोठं टेबल असतं. त्यामागे काळ्या टी-शर्टातला एक माणूस, शक्यतो वैतागलेला. तो साउंडवाला. हजारो लोकांनी काय ऐकायचं ते तो स्वतःला काय ऐकू येतंय त्यावरून ठरवतो. म्हणजे त्याच्या पुढची रांग ही त्या रात्रीची सगळ्यात प्रामाणिक जागा. एकच अपवाद. नाट्यगृहात कधीकधी त्याचं टेबल बाल्कनीच्या पोटाखाली ढकललेलं असतं. तिथे वरचे सूर बोथट होतात, याची तक्रार तो स्वतःच करत असतो. अशा वेळी बाल्कनीची सावली जिथे संपते त्याच्या दोन रांगा पुढे बसावं.

कठड्याशी नेमकं काय बिघडतं? मोठ्या कॉन्सर्टचे मुख्य स्पीकर मंचाच्या दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखे उंच टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या गर्दीकडे असतो. गायकाचा आवाज पुढच्यांच्या डोक्यावरून निघून जातो. त्यांच्या वाट्याला येतो तो ड्रमचा कच्चा दणका आणि गिटारवाल्याच्या पाठीमागच्या अँपचा, म्हणजे गिटारच्या स्वतःच्या स्पीकरचा, कर्कश झोत. म्हणून मंचाच्या काठावर छोटे स्पीकर मांडतात. ते नसले किंवा कमी पडले, तर शब्द गायकाच्या ओठांवरूनच ओळखायचे.

खर्जाची तऱ्हा आणखी न्यारी. सबवूफर, म्हणजे खर्जाचे खास स्पीकर, जमिनीवर, मंचाच्या दोन टोकांना असतात. ६० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ पावणेसहा मीटर लांब असते. मैदानाच्या मधल्या रेषेवर दोन्हीकडच्या लाटा एकाच वेळी पोचतात, एकमेकींत मिसळतात आणि बरगड्या हलतात. आता समजा दोन टोकांत २० मीटर अंतर आहे आणि आपण ३० मीटर मागे उभे आहोत. मधल्या रेषेपासून साडेचार मीटर बाजूला सरकलं, की एकीकडच्या लाटेचा चढ दुसरीकडच्या उतारावर येतो आणि त्या सुराचा खर्ज चक्क गायब होतो. "आज बास काही लागलाच नाही" म्हणणारा आणि "छाती फुटायची वेळ आली" म्हणणारा हे दोघे एकाच कॉन्सर्टला, एकमेकांपासून दहा पावलांवर उभे असू शकतात. तेव्हा बास मिळमिळीत वाटला तर बँडला शिव्या घालण्याआधी चार पावलं मध्याकडे सरकून बघावं.

फार मागेही जाऊ नये. आपल्याकडच्या उबदार हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर चालतो. १०० मीटरवर उभं राहिलं तर ड्रमरची काठी पडताना दिसते आणि ठोका पाव सेकंदाहून थोड्या जास्त उशिराने येतो. मैदानात मध्येच दिसणारे स्पीकरचे मनोरे मागच्यांसाठी असतात. त्यांना मुद्दाम तेवढाच उशीर लावलेला असतो, नाहीतर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू आला असता. संध्याकाळी हवा गार झाली की आवाजाचा वेग किंचित घटतो, आणि साउंडवाला बोटाने हा हिशेब पुन्हा जुळवत बसतो. दुपारी रिकाम्या मैदानात केलेली साउंडचेक रात्री जशीच्या तशी उपयोगी पडत नाही ती यामुळेच. त्यात हजारो अंगं वरचे सूर शोषून घेतात ते वेगळंच.

हे सगळं तुलनेने नवं आहे. बीटल्सनी १९६५च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर लोकांपुढे वाजवलं, तेव्हा गिटारचे अँप होते १०० वॉटचे आणि गाण्याला आधार स्टेडियमच्या कर्ण्यांचा. किंचाळणाऱ्या पोरींच्या पुढे त्यांना स्वतःचंच गाणं ऐकू येत नव्हतं. नऊ वर्षांनी ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने दुसरं टोक गाठलं आणि बँडच्या पाठीमागे स्पीकरची अख्खी भिंतच उभी केली. माइकच्या तोंडासमोर स्पीकर आला की माइक आपलाच आवाज परत गिळतो आणि शिट्टी मारतो, हे लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांनी सोसलेलं आहे. त्यांनी यावर तोड काढली: प्रत्येक गायकाला दोन माइक, एकमेकांना उलटे जोडलेले. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखा शिरतो आणि आपोआप वजा होतो. गायक वरच्या एकातच गातो, तेवढं उरतं. डोकेबाज युक्ती होती, पण भिंत गावोगाव नेता नेता सगळ्यांचा घाम निघाला आणि वर्षभरातच ती मोडीत निघाली.

आता आपली गंमत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' उभं केलं तेव्हा माइक नव्हता आणि साउंडवालाही नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायची जबाबदारी नटाच्या गळ्याची. पुढे बालगंधर्वांच्या काळात त्या गळ्याखाली ऑर्गनने जाजम अंथरलं. ऑर्गनचा भाता पायांनी चालतो, त्यामुळे वाजवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि सूर पेटीपेक्षा भरदार, अखंड लागतो. मिक्सरचं बरंचसं काम ऑर्गनवालाच करायचा. नट दमला की सूर भरून द्यायचा, तान संपवून तो समेवर यायला लागला की आपण मागे सरायचं. तबलजीचं दुखणं निराळं. नायकाची पट्टी वेगळी, नायिकेची वेगळी, म्हणून शेजारी दोन-तीन तबले लावून तयार ठेवायचे. पावसाळ्यात चामडं सर्द होऊन तबला उतरतो, एसीच्या कोरड्या हवेत चढतो. दिव्यांच्या उष्णतेने गिटारची तार मात्र सैल पडून उतरते. प्रवेश बदलताना ऐकू येणारी हातोडीची टकटक आणि दोन गाण्यांच्या मध्ये पाठ फिरवून तार पिळणारा गिटारवाला, दोघांचं कारण हवाच.

८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं, केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या रात्रीबद्दल आजही बोलतात ते दोन गळ्यांच्या जुगलबंदीबद्दल. नेपथ्य कसं होतं ते कोणी विचारत नाही.

हल्ली संगीत नाटक बघताना मंचाच्या काठावर माइक मांडलेले दिसतात, नटाच्या गालावरही असतो. आणि तबल्याला स्वतंत्र माइक, तोही सढळ हाताने उघडलेला! चारशे लोकांच्या नाट्यगृहात तबल्याला माइक कशाला लागतो हे कोडं सुटत नाही. नटीचे शब्द ठेक्याखाली चिरडले जातात आणि दोष बिचारीच्या उच्चारांवर येतो.

परदेशी म्युझिकल्सवाल्यांनी हे शास्त्र पार टोकाला नेलंय. २०२३ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात अंबानींचं सांस्कृतिक केंद्र उघडलं, तिथे दोन हजार खुर्च्यांच्या थिएटरात ही नाटकं जवळून बघायला मिळू लागली. नटाचा माइक कपाळावर, केसांच्या मुळाशी लपवलेला असतो. टोपात चिकटवलेला, डाळीच्या दाण्याएवढा. त्याची तार मानेवरून कमरेच्या डबीपर्यंत जाते. ही डबी घामाने मरू नये म्हणून तिच्यावर चक्क निरोध चढवायची जुनी पद्धत आहे. वंगण नसलेला, एवढी मात्र काळजी घ्यावी लागते.

खरी करामत टेबलावर चालते. वीस माइक एकदम उघडे ठेवले तर चिखल होतो, म्हणून साउंडवाला ओळीओळीला बोटं हलवतो. बोलणाऱ्याचा माइक वर, वाक्य संपलं की खाली. संहिता त्याला पाठ असते. युगुलगीताच्या शेवटी नायक-नायिका मिठी मारतात तेव्हा त्याची परीक्षा. तिचा आवाज तिच्या माइकमध्ये आणि केसभर उशिराने त्याच्याही माइकमध्ये शिरतो. दोन्ही मिसळले की डब्यात तोंड घालून गायल्यासारखा पोकळ आवाज येतो. म्हणून मिठी पडायच्या क्षणी तो एक माइक बंद करतो आणि दोघं एकाच माइकवर गातात. नीट जमलं तर कोणाला कळत नाही. अर्धा सेकंद चुकला तर नायिकेचा पहिला शब्दच गिळला जातो. अशा नाटकाच्या मध्यंतरात एकदा मंचाकडे पाठ करून बाल्कनीच्या कठड्याकडे बघावं. तिथे एक छोटा टीव्ही असतो आणि त्यात मंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात उभा असलेला संगीत-संचालक हात हलवताना दिसतो. नट आपल्याकडे बघून व्याकूळ होऊन गातोय असं वाटतं तेव्हा तो बहुतेक वेळा या टीव्हीकडे बघत असतो.

रॉक आणि नाटक ही वेगळी गावं आहेत असं मानणाऱ्यांनी नंदू भेंडे यांना आठवावं. घर मराठी रंगभूमीचं, आत्माराम आणि आशा भेंडे यांचं, गळा रॉकचा. 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतनाट्य १९७०मध्ये आधी तबकडी म्हणून आलं आणि मग मंचावर चढलं. दिग्दर्शक अलेक पदमसींनी ते मुंबईत केलं तेव्हा ज्युडास होते भेंडे. काही वर्षांत हाच गळा पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त मराठी प्रेक्षकांसमोर उभा राहिला.

वन्स मोअर मात्र दोन्हीकडे सारखा नाही. संगीत नाटकात वन्स मोअर म्हणजे तेच पद, तिथल्या तिथे, पुन्हा. कथा थांबायची, मरणारा पुन्हा उठून गायचा, आणि नाटक पहाटेपर्यंत लांबायचं. रॉकचा एन्कोर आधीच ठरलेला असतो. बँड आत जातो, पाणी पितो आणि सगळ्यात गाजलेली गाणी घेऊन परत येतो. लोक घसा फोडतात तो नियमाचा भाग. शिवाय उघड्यावर रात्री दहाची वेळ डोक्यावर असते. सवलत मिळाली तरी बारापर्यंत, तीही वर्षातल्या मोजक्या दिवशी. शंभर मीटरमध्ये इस्पितळ किंवा शाळा-कॉलेज असेल तर तेही नाही. मुंबईतल्या रॉकचं माहेरघर म्हणावं असं धोबी तलावचं उघड्यावरचं रंगभवन यातच गप्प झालं.

कानात बोळे घालायची लाज वाटू देऊ नये. ८५ डेसिबलचा आवाज कानांना आठ तास चालतो. प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १००ला पंधरा मिनिटंच. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, बोळा आत घालून अर्धा मिनिट धरून ठेवायचा. नुसता टेकवलेला बोळा काही कामाचा नाही. फोममुळे वरचे सूर जास्त दबतात आणि गाणं गोधडीतून आल्यासारखं वाटतं. दर्दी माणसाने थोडे पैसे घालून जाळीदार फिल्टरवाले घ्यावेत.

साउंडवाल्याच्या पुढच्या रांगेचा आणखी एक फायदा असा, की त्याच्या टेबलावर गाण्यांची यादी चिकटवलेली असते. जाड मार्करने लिहिलेली, मान जरा वळवली की वाचता येते. एन्कोरची गाणी सहसा खाली, एका आडव्या रेघेनंतर. बँड हात हलवत आत गेला, लोक ओरडायला लागले की त्या रेघेखाली किती गाणी आहेत ते मोजून घ्यावं. दोन असली तर शेवटची लोकल मिळते. तीन असली तर रिक्षाचे पैसे बाजूला काढावेत.