तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रावर क्लिक करायचं सोडून काळी खिडकी कशाला?

अभ्यासिकेत नवं कुणी आलं की आठवडाभरात हा प्रश्न येतोच. "ताई, फायरफॉक्स ब्राउझरचं चित्र समोर आहे की. मग ती काळी खिडकी उघडून टाइप कशाला करता?" परवा एकीच्या आईनंही विचारलं. म्हणून एकदा नीट सांगते.

आमची अभ्यासिका सोलापूरच्या पूर्व भागात आहे. नऊ कॉम्प्युटर, सगळे कुणी ना कुणी वापरून काढून टाकलेले, 2 जीबी रॅमचे. त्यांच्यावर डेबियन लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. ब्राउझर घालायचा तर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी, उघडून आधी 'सुडो ॲप्ट अपडेट', मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स-ईएसआर', अर्थात रोमन छोट्या अक्षरांत. 'ॲप्ट' सॉफ्टवेअर आणतं, 'सुडो' ते प्रशासकाच्या अधिकारानं करायला पासवर्ड मागतं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही, घाबरू नका. पहिल्या आज्ञेनं पॅकेजांची, म्हणजे मिळू शकणाऱ्या सॉफ्टवेअरची, यादी ताजी होते, दुसरीनं ब्राउझर आणि त्याला लागणारं बाकीचं सगळं येतं. नेहमीचा फायरफॉक्स साधारण दर 4 आठवड्यांनी नवा होतो. ईएसआर ही त्याचीच सावकाश बदलणारी आवृत्ती वर्षभर तशीच राहते, मध्ये मुख्यतः सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. जुन्या मशीनला हेच बरं. (उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर मात्र 22.04 आवृत्तीपासून ॲप्टकडे फायरफॉक्स मागितला तरी स्नॅप हे वेगळ्या पद्धतीचं पॅकेज येतं आणि जुन्या मशीनवर ते पहिल्यांदा उघडायला बराच वेळ घेतं.) एसएसएच, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्याला आज्ञा देण्याची सोय, चालू केलं की एका खुर्चीवर बसून नऊही मशीनना हीच आज्ञा देता येते.

पण मला सवय लागली ती ब्राउझर चालवताना. मे महिन्यातली दुपार होती. एका मुलीच्या फॉर्मची शेवटची तारीख. ती चित्रावर क्लिक करायची, बाण गोल फिरायचा आणि थांबायचा. बस्स, पुढे काही नाही. चार-पाच वेळा झालं, ती रडकुंडीला आली. मी टर्मिनलमध्ये नुसतं 'फायरफॉक्स-ईएसआर' टाइप केलं आणि एंटर दाबलं. इंग्रजीत ओळ आली: डिस्कवर जागा शिल्लक नाही. डिस्क किती भरली ते दाखवणारी 'डीएफ -एच' ही आज्ञा दिली तर खरंच शंभर टक्के भरलेली. कुणीतरी व्याख्यानांचे व्हिडिओ उतरवून ठेवले होते. ते काढले, ब्राउझर उघडला, फॉर्म गेला. चित्रावर क्लिक करतानाही ब्राउझर हेच सांगत होता, पण ते आमच्यापर्यंत पोचत नव्हतं.

माझे वडील चादरीच्या मागावर जॉबर, म्हणजे माग नीट चालू ठेवणारे कारागीर, होते. जेकार्ड या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेत नक्षी पुठ्ठ्यांच्या भोकांत असते. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. नक्षी बिघडली की नवे कामगार कापडाकडे बघत बसायचे. वडील वर चढून पुठ्ठे बघायचे, कारण मागाला काय सांगितलंय ते तिथं असतं. टर्मिनल उघडताना मला दर वेळी ते आठवतात.

आज्ञेच्या शेवटी 'अँड'चं चिन्ह (&) लावलं तर ब्राउझर चालू असतानाही तीच खिडकी पुढच्या कामाला मोकळी राहते. ब्राउझर अडकून बसला तर 'पीकिल' या आज्ञेनं तो बंद करता येतो.

आणि नेट अगदीच रांगत असेल तर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिंक्स'. हा खुद्द टर्मिनलमध्ये चालणारा, नुसता मजकूर दाखवणारा ब्राउझर, 1992 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातून आलेला. नाव वाय आणि एक्स घालून (lynx) लिहायचं, त्याच उच्चाराचा दुसराही एक आहे. बाणांच्या कळांनी दुव्यांवर फिरायचं, 'क्यू' दाबून बाहेर पडायचं. जावास्क्रिप्ट चालत नसल्यामुळे परीक्षेचे फॉर्म त्यात बहुधा भरता येत नाहीत आणि टर्मिनलमध्ये आपली जोडाक्षरं कधीकधी विस्कटतात. पण साधी सूचना वाचायला तो पुरतो.

ती मे महिन्यातली मुलगी अजून येते. आता काही अडलं तर ती आधी टर्मिनल उघडते, आलेली ओळ वहीत उतरवते आणि वही घेऊन माझ्याकडे येते.