खोलून बघूया की!

विज्ञानाच्या बातमीला पहिल्या पानावर जागा हवी असेल तर तिच्यात काहीतरी उडावं लागतं, नाहीतर काहीतरी आदळावं लागतं. 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं तेव्हा आमच्या गल्लीत फटाके वाजले आणि शेजारच्या काकूंनी घरोघरी कुंदा वाटला. ते योग्यच झालं. पण 2025 च्या सुरुवातीला '2024 वायआर4' नावाचा लघुग्रह 2032 मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता तीन टक्क्यांवर गेली, तेव्हा बेळगावातल्या प्रत्येक चहाच्या गाड्यावर तोच विषय होता. पुढच्या काही दिवसांत ती शक्यता जवळजवळ शून्यावर आली. ही बातमी मात्र मला आतल्या पानावर, सोन्याच्या दुकानाच्या जाहिरातीखाली सापडली.

मला या दोन्ही जातींपेक्षा तिसरी एक बातमी आवडते, ती दुरुस्तीची. काहीतरी बिघडलं होतं, कुणीतरी डोकं लावलं, चालू झालं. अशी बातमी चार ओळींत उरकतात. मी ती दोनदा वाचतो.

व्हॉयेजर-1 चंच घ्या. सप्टेंबर 1977 मध्ये सोडलेलं यान. माणसाने बनवलेल्या वस्तूंपैकी सगळ्यात लांब गेलेली वस्तू म्हणजे ते, आपल्यापासून 24 अब्ज किलोमीटरच्याही पुढे. नोव्हेंबर 2023 मध्ये ते बरळायला लागलं. सिग्नल येत होता, पण त्यातल्या एक आणि शून्यांना काही अर्थच नव्हता. नासाच्या कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतली मंडळी चार महिने डोकं धरून बसली. मार्च 2024 मध्ये त्यांनी यानाला दुरून नुसतं डिवचलं, आणि आलेल्या उत्तरात एकाला यानातल्या संगणकाच्या मेमरीचा अख्खा उतारा सापडला. आधीच्या चांगल्या उताऱ्याशी तो ताडून पाहिल्यावर चोर सापडला. एक चिप मेली होती आणि तिच्याबरोबर सुमारे तीन टक्के मेमरी गेली होती.

आता चिप बदलायला तिथे कोण जाणार? मग त्यांनी मेलेल्या चिपवरचा प्रोग्रॅम तुकडे करून मेमरीत जिथे जिथे सापट होती तिथे बसवला, आणि कुठला तुकडा कुठे राहतो हे बाकीच्यांना नीट कळेल अशी व्यवस्था केली. 18 एप्रिलला पहिला हुकूम सोडला. जायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. 20 एप्रिलला यान शुद्धीवर आलं.

या कामाचं वर्णन करताना नासाने एक गोष्ट जाता जाता सांगितली होती, ती माझ्या डोक्यातून जात नाही. अशा दुरुस्त्या करताना या लोकांना कित्येक दशकांपूर्वीची मूळ कागदपत्रं काढून वाचावी लागतात. ती लिहिणाऱ्या इंजिनिअरांना हे यान इतकी वर्षं चालेल आणि असे प्रश्न येतील, अशी कल्पनाच नव्हती.

हे वाचलं आणि मला मामांची वही दिसायला लागली.

मामा म्हणजे आमच्या भागातले मोटार रिवाइंडिंगवाले, जळलेल्या मोटारीत नवी तार भरून देणारे. वयाने लहान-मोठे सगळेच त्यांना मामा म्हणतात. फेब्रुवारी उजाडला की त्यांच्या दुकानासमोर पंपांची रांग लागते. उसाला पाणी हवं असतं, थ्री फेज लाइट ठरलेल्या तासांतच येते, त्यात कधी एक फेज गायब, कधी व्होल्टेज पडलेलं. मोटार घरघरते आणि जळते. हुक्केरीकडचा शेतकरी पिकअपमधून पंप उतरवत "मोटर सुट्टैत्री" म्हणतो, चंदगडचा "जळली बगा मामा" म्हणतो, आणि मामा दोघांनाही एकच उत्तर देतात, "ठेवा तिथं."

त्यांचं काम जवळ बसून बघण्यासारखं असतं. जळलेल्या वाइंडिंगला एक करपट वास असतो, तो कपड्यांत राहतो. छिन्नीने कॉइलचं एका बाजूचं डोकं उडवायचं आणि दुसऱ्या बाजूने तारा ओढून काढायच्या, असा हा मामला. पण छिन्नी लावायच्या आधी मामा स्टेटरकडे, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाकडे, बराच वेळ नुसते बघत बसतात. स्लॉट किती, कॉइल कुठल्या स्लॉटमधून निघून कुठल्या स्लॉटमध्ये शिरते, जोड कसे दिलेत. मग एक कॉइल सोडवून तिचे टर्न, म्हणजे वेढे मोजतात, काळ्या पडलेल्या तारा नखाने एकेक करून बाजूला सारत. मोजताना कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. मायक्रोमीटरने तारेचं गेज, म्हणजे जाडी घेतात, तेही जळलेला थर खरवडून काढल्यावर. आणि हे सगळं वहीत जातं. एचपी, स्लॉट, पिच, गेज, टर्न. वही अर्धी कानडी, अर्धी मराठी, आकडे सगळे इंग्रजी, आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्याला वार्निश लागलेल्या अंगठ्याचा ठसा. ज्यांचे कारखाने केव्हाच बंद पडले, अशा पंपांचीही त्यात नोंद आहे. दुकानात शिकायला असलेल्या पोराने एकदा घाईत छिन्नी उचलली तर मामा ओरडले, "आधी मोज, मग काप. कापल्यावर कुणाला इचारणार हाईस?"

मी मामांना व्हॉयेजरची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "गॅरंटी किती वर्षांची होती?" मी म्हटलं, मूळ काम पाचेक वर्षांचं धरलं होतं. मामा हसले. अशी गिऱ्हाइकं त्यांनाही माहीत आहेत.

त्याच यानाचे काही थ्रस्टर, म्हणजे यानाला वळवणारी छोटी इंजिनं, 2004 मध्ये बंद पडले होते. त्यांचे हीटर गेले होते आणि सगळ्यांनी त्यांना मेलेलं समजून सोडून दिलं होतं. मार्च 2025 मध्ये पुन्हा हिशेब मांडताना कुणाला तरी वाटलं, की हीटर गेले नसतीलच, कुठल्या तरी धक्क्याने एखादं बटण भलत्या बाजूला गेलं असेल. ते बटण 24 अब्ज किलोमीटरवरून पुन्हा फिरवायचं, आणि हीटर चालू व्हायच्या आत थ्रस्टर पेटले तर छोटा स्फोट होण्याचीही भीती. फिरवलं. वीस वर्षांपूर्वी मेलेले थ्रस्टर चालू झाले. या बातमीला पेढे वाटायला हवे होते, असं माझं प्रामाणिक मत आहे.

दुसरी अशीच बातमी गुरू ग्रहाभोवती फिरणाऱ्या जुनो यानाची. गुरूच्या आसपास किरणोत्सर्ग इतका, की यानाचा कॅमेरा हळूहळू खराब झाला. फोटोंवर रेघा यायला लागल्या, कणकण दिसायला लागले. 2023 च्या शेवटी यान गुरूच्या आयो नावाच्या चंद्राजवळून, जेमतेम दीड हजार किलोमीटरवरून जाणार होतं आणि कॅमेरा आंधळा होत चाललेला. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी कॅमेऱ्याचा हीटर पूर्ण ताकदीने चालवला. म्हणजे अ‍ॅनीलिंग, तापवून आतला बिघाड बसवणं! काही दिवस काहीच फरक दिसला नाही. मग ऐन वेळी चित्र निवळलं, आणि 30 डिसेंबरला आयोचे डोंगर स्वच्छ दिसले. ही गोष्ट त्यांनी जगाला सांगितली 2025 च्या जुलैत.

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत काम करणारा माझा एक मित्र आहे. त्याला हे सांगितल्यावर तो फार वेळ काही बोलला नाही. त्याच्याकडे बिडाचं कास्टिंग ओतल्यावर त्यातला ताण काढायला भट्टीत साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत नेतात आणि भट्टीतच सावकाश निवू देतात. घाईने काढलं तर मशीनवर लावल्यावर वाकतं. हेही खरं, की लोखंडातला ताण काढणं वेगळं आणि सिलिकॉनमधला सूक्ष्म बिघाड उष्णतेने बसवणं वेगळं. तो शेवटी म्हणाला, "अरे, पण आम्ही हे रोज करतोय की. आमचा फोटो कुठं छापतात?" प्रश्न बरोबर होता.

नाहीतरी या गावाला दुरुस्तीचं वावडं कधीच नव्हतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये धंदा सुरू केला तो इथे बेळगावात, सायकलच्या दुकानापासून. पंप आणि इंजिनं नंतरची. आज इथून जवळच्या हत्तरगीच्या कारखान्यांत विमानांचे सुटे भाग बनतात. आणि विमान ही तर अशी वस्तू, की तिची दुरुस्ती टाळता येत नाही. कुठला भाग केव्हा बदलला याची लेखी नोंद नसेल तर तिला उडायची परवानगीच मिळत नाही. मामांना हा धंदा आवडला असता.

याच्या उलट टोकाला माझा फोन. त्याची बॅटरी फुगली. सर्व्हिस सेंटरवाल्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं, "सर, या मॉडेलला रिपेअरपेक्षा नवीन घेतलेलं परवडेल." शेवटी खडे बाजारातल्या एका पोराने गरम हवेच्या गनने पाठ तापवून, गिटारची पिक असते तसला प्लॅस्टिकचा तुकडा कडेने फिरवत ती उघडली. आत एकही स्क्रू नसता तर समजलो असतो. स्क्रू होते, पण बॅटरी गोंदाने चिकटवलेली. फुगलेली बॅटरी ओढून काढताना ती फाटली तर पेट घेऊ शकते, म्हणून तो पोरगा श्वास रोखून होता आणि मीही. हा गोंद कुणाच्या सोयीसाठी, हे मला अजून पटेल असं कुणी सांगितलेलं नाही. पाणी आत जाऊ नये म्हणून, असं म्हणतात. पाण्यात बुडणाऱ्या पंपाला पाणी चालतं, तो खोलताही येतो, आणि खिशातल्या फोनला मात्र गोंद लागतो!

म्हणून युरोपियन युनियनची बातमी आली तेव्हा मला बरं वाटलं. फेब्रुवारी 2027 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक हातातल्या उपकरणांची बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे, असा नियम आहे. सवलती आहेत, पळवाटा निघतील, पण दिशा बरी आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये शेतकऱ्याला स्वतःचा ट्रॅक्टर दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. स्वतःचा ट्रॅक्टर खोलायला कायदा कशाला? मग कळलं, की तिकडे ट्रॅक्टरातही संगणक बसलाय आणि त्याची किल्ली कंपनीकडे. उसाच्या हंगामात आमच्याकडे रात्री दोन वाजता ट्रॉलीसकट रस्त्यात बसलेला ट्रॅक्टर ज्याने बघितला असेल त्याला याचं हसू येणार नाही. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. मी त्यावर जाऊन आलो. खडे बाजारातला पोरगा अजून तरी वरचढ आहे.

राहता राहिली कृत्रिम बुद्धिमत्ता, जिच्यावर मत नसलेला माणूस आता सापडत नाही. तिच्या पायाभूत कामासाठी 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं त्यांतले जेफ्री हिंटन स्वतःच तिच्याबद्दल धोक्याच्या सूचना देत फिरतात, त्यामुळे मी वेगळं काय सांगणार. तिने कविता केली, चित्रं काढली, याची मला फारशी धास्ती नाही. माझी तक्रार साधी आहे. ती खोलून बघता येत नाही. आत अब्जावधी आकडे आहेत, आणि एखादं उत्तर चुकलं तर त्यातला कुठला आकडा सैल झाला, हे बनवणाऱ्यालाही नेमकं दाखवता येत नाही. ते शोधायचा प्रयत्न करणारे संशोधक आहेत आणि माझ्या लेखी त्या सगळ्या गोंधळात तेच खरे मिस्त्री. त्यांची बातमी मात्र चार ओळींचीच.

मामांच्या दुकानातल्या पोराने परवा एका जुन्या मोटारीचा डाटा फोनवर एआयला विचारला. नेमप्लेट गंजलेली, वाइंडिंग आधीच कुणीतरी उपसून टाकलेलं. तत्क्षणी उत्तर आलं, टर्न इतके, गेज इतकं, जणू काही परवाच भरली होती. मामांनी वही काढली, पान उलटलं, बोट ठेवलं. गेज जमत होतं, टर्न नव्हते. पोरगा हुशार, त्याने वहीच्या एकेका पानाचा फोटो काढायला सुरुवात केली. म्हणजे सगळं फोनमध्ये राहील, वही फाटली तरी बिघडायला नको.

"आणि फोन बिघडला तर?" मामांनी विचारलं. "त्यो कोण खोलणार?"

तेव्हापासून फोटो काढून झाले की पोराला तेच पान नव्या वहीत हाताने उतरवावं लागतं. मामांची अट आहे, शाईने, आणि आकड्यांत खाडाखोड नको. सध्या तो पाच एचपीपर्यंत आलाय.