घाट चढणारी, सपाटीला अडखळणारी कॉन्टेसा

संकेश्वर मागं पडलं आणि गाडीनं पहिला झटका दिला. मग लगेच दुसरा. ॲक्सिलरेटरवर पाय तसाच, वेग साठच्या आसपास, आणि कुणीतरी मधेच चावी बंद करून परत चालू केल्यासारखं इंजिन क्षणभर गप्प. मागच्या सीटवर आई होती. बेळगावला बहिणीच्या दारात पोचेपर्यंत ती काही बोलली नाही, पण पुढच्या सीटची कड तिनं सोडली नव्हती.

गाडी आमच्या अण्णांची, १९८६ ची कॉन्टेसा. अण्णा गेले तरी ती विकायचा विचार घरात कुणाच्या मनात आला नाही. लांब बॉनेट आणि रुंद अंगामुळं आपल्याकडं तिला मसल कार म्हणतात. अमेरिकेतल्या मसल कारला मोठं व्ही-८ इंजिन असायचं. आमच्या गाडीत ॲम्बॅसॅडरच्या घराण्यातलं १४८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे, १.८ लिटरचं इसुझू इंजिन कॉन्टेसात नंतर आलं. त्यामुळं इग्निशन, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी व्यवस्थाही जुन्या पद्धतीची. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट असतात, इंजिनाबरोबर उघडमीट करणारा छोटा स्विचच तो. पॉइंट मिटलेले असतात तोवर कॉइलमधून करंट वाहतो, पॉइंट उघडले की तो तुटतो आणि त्या तुटण्यातून कॉइल हजारो व्होल्ट तयार करते. ते डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली फिरणाऱ्या रोटरमधून एकेका प्लगला जातात. कुठंही क्षणभर खंड पडला की झटका बसणारच.

बेळगावात एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी प्लग काढून ब्लॉकला टेकवला, सेल्फ मारला, स्पार्क निळा आणि चांगला. तरी कॉइल बदलली. निपाणीला परतताना पुन्हा झटके. मग पॉइंटला जोडलेला कंडेन्सर बदलला. पुढं टाकी धुतली, कार्बोरेटर खोलला, फ्युएल पंपाचा डायफ्रॅम नवा घातला. श्रावण चालू होता, म्हणून डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये ओल धरत असेल असं वाटलं. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसत होतो. दीड महिना यात गेला. गॅरेजमध्ये उभी असताना गाडी घड्याळासारखी चालायची, म्हणून मिस्त्रीलाही माझं खरं वाटेना.

एकानं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा म्हणून सांगितलं. ते चांगलं असतं, मी नाही म्हणत नाही. पण नेमकं काय बिघडलंय ते कळण्याआधी अण्णांच्या गाडीतलं मूळ सामान काढून टाकायला माझा जीव होईना. कॉइल आणि कंडेन्सर उगाच बदलले होते, तेवढं पुरे होतं.

वाट सापडली ती आईमुळं. गौरीसाठी बहिणीला आणायला आम्ही पुन्हा बेळगावला निघालो. तवंदी घाट गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत चढली, एक झटका नाही. सपाटीला लागलो आणि सुरू. आई म्हणाली, "घाटात काय नाही बघ हिला. सपाटीला आली की करतीया." मी गाडी कडेला घेतली आणि आधीच्या सगळ्या फेऱ्या आठवून बघितल्या. खरंच तसंच होतं. चढावर, ओव्हरटेक करताना, पाय पूर्ण दाबलेला असताना कधीच नाही. उभ्या गाडीतही नाही. फक्त हलक्या पायानं, एका लयीत चालताना.

निपाणीत एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, अण्णांपासूनची ओळख, आम्ही त्यांना मामाच म्हणतो. त्यांना हे सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "व्हॅक्युमची नळी काढून चालवलास काय?"

डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला चपटी डबी असते, तिला कार्बोरेटरकडून बारीक नळी येते. हलक्या पायानं चालताना त्या नळीत व्हॅक्युम चांगला तयार होतो. तो डबीतला पडदा ओढतो आणि पॉइंटची प्लेट थोडी फिरते, म्हणजे स्पार्क लवकर पडतो आणि पेट्रोल वाचतं. पाय पूर्ण दाबला की व्हॅक्युम पडतो, प्लेट जागेवर येते. इंजिन नुसतं आयडलला चालू असतानाही नळीत ओढ नसते, कारण थ्रॉटलची झडप मिटलेली असताना तिचं भोक झडपेच्या बाहेरच्या, हवेच्या अंगाला राहतं. म्हणजे गॅरेजमध्ये ती प्लेट कधी हललीच नव्हती.

नळी डिस्ट्रिब्युटरकडून काढली. तिचं मोकळं तोंड बोल्ट घालून बंद केलं, नाहीतर तिथून हवा आत जाते आणि भलतंच मिसिंग सुरू होतं. कागलपर्यंत जाऊन आलो. गाडी थोडी सुस्त वाटली, पण झटका एकही नाही. येताना मी काच खाली करून नुसता इंजिनचा आवाज ऐकत होतो.

मग मामांनी कॅप काढली. प्लगच्या वायरी जागेवरच ठेवून कॅप बाजूला केली, त्यामुळं १-३-४-२ चा क्रम चुकायचा प्रश्न नव्हता. कॉइलकडून येणारी वायर सोडवली, पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबवलं आणि मल्टिमीटरची एक पिन डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला लावली. मीटर वाजत होता, म्हणजे जोड सलग होता. डबीला रबरी नळी लावून माझ्या हातात दिली. "ओढ की तोंडानं." मी ओढलं. प्लेट सरकली आणि मीटर बंद. सोडलं, परत वाजायला लागला. मी पाच-सहा वेळा तेच केलं. दीड महिन्यानं तो दोष डोळ्यांसमोर येत-जात होता आणि मला थांबवेना.

टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत जाणारी जेमतेम दोन इंचांची वायर होती ती. वरचं कव्हर धड, आतल्या तारा तुटलेल्या. प्लेट जागेवर असली की तुटकी टोकं एकमेकांना टेकायची, प्लेट फिरली की दूर व्हायची. मामांनी ती बोटांत धरून हलकेच ताणली, तर रबर लांबलं. आत तांबं सलग असतं तर ते लांबलं नसतं.

इथं साधी वायर चालत नाही, कारण ती गाडी चालते तेवढा वेळ हलत राहते. मामांनी मल्टिमीटरच्या जुन्या प्रोबची वायर कापली. तिच्यात केसासारख्या बारीक तारा खूप असतात आणि ती कितीही वाकते. दोन्ही टोकांना सोल्डर केलं, थोडी सैल ठेवली, आणि रोटरच्या दांड्याला घासत नाही ना ते प्लेट हातानं फिरवून बघितलं. प्लेटची अर्थची छोटी वायरही त्याच वयाची, म्हणून तीही बदलली. पॉइंटचा गॅप १५ थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणला, प्लगचा २५ वर. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळही सरकते, म्हणून शेवटी तेही तपासून घेतलं. मामांनी मजुरी सांगितली ती चहाला पुरेल एवढीच. मी आग्रह केला तर म्हणाले, "अण्णांची गाडी हाय रे."

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन बेळगावला गेलो. संकेश्वरच्या पुढं सरळ रस्त्यावर साठवर आणून पाय हलका धरला. आईनं या वेळी पुढच्या सीटला हात लावला नव्हता. हत्तरगीच्या आसपास बघितलं, तर तिला झोप लागली होती.

काढून ठेवलेली जुनी कॉइल परत बसवली आहे. तिला काहीच झालं नव्हतं.